शालनकाकींच्या भिंतीवरच्या कड्या

तात्या, आबा, मावश्यांनो, आणि गल्ली सोडून गेलात तरी आज आठवणीनं आलात त्या सगळ्यांनो,

उभी राहिले खरी, पण नजर सारखी दाराकडं जातेय. आपण सगळे या खोलीत आणि शालनकाकी नाहीत, असं आजवर कधी झालंच नाही.

मी सुरेखा. बारामतीच्या मंडईमागची आपली गल्ली, तिथं जुन्या घरात अजून राहणारी मी एकटीच उरले.

ही खोली म्हणजे बंद पडलेली पिठाची गिरणी. काकींनी तिचं संग्रहालय केलं. नाव ऐकून आपण हसलो होतो, आठवतंय? तेव्हा गल्लीतल्या जागांचे भाव चढायला लागले होते. आधी भाडेकरू गेले, मागोमाग मालक. घरांच्या जागी इमारती आल्या, खाली काचेची दुकानं. कुणी लासुर्ण्याला लेकीकडं गेलं, कुणी बावड्याला शेतावर. काकी दारोदार सांगत फिरल्या, "घर पाडायच्या आदी घरातलं कायतरी हितं आणून द्या."

आपण काय आणलं? घासूनपुसून समया. लग्नातले फोटो. काकींनी सगळं परत पाठवलं. "ह्ये तुमी नेणारच हाय. भंगारवाला जे नेईल, ते मला द्या. दाराची कडी आणा."

दाराची कडी! आणि त्या कड्या भिंतीवर लागल्या, गल्लीतल्या घरांच्याच क्रमानं. डाव्या हाताची घरं डाव्या भिंतीवर, उजव्या हाताची उजव्या. ज्याची कडी, त्याला तिच्याखाली बसवायचं, घराबद्दल बोलतं करायचं, मोबाईलवर आवाज भरून घ्यायचा. दिवाळीत तात्या आले, डोळे मिटून, आपली समजून एक कडी वाजवली आणि आवाजावरून म्हणाले, "ही माजी न्हाय. ही आबाची." आबा, तुमचीच होती ना?

मी एकदा विचारलं, काकी, कशाला एवढा खटाटोप? तर म्हणाल्या, "माजं माहेर पळसदेव. जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. पण पाणी उतरलं की देऊळ तरी दिसतं गं. बिल्डिंग कुठं उतरती?"

त्या गेल्यावर मी ते सगळे आवाज ऐकत बसले. काकी कुठंतरी सापडतील म्हणून. सगळी गल्ली बोलते त्यात. काकी बोलत नाहीत. फक्त माणूस बोलता बोलता अडखळला की हळूच एक शब्द येतो, "मग?" आणि त्या थांबतात. घाई नाही, टोकणं नाही. नुसतं थांबणं. एवढीच उरली आपली काकी.

पुढच्या महिन्यात माझं घर पाडणार. काय काय सांगायचं, मी मनात ठरवून ठेवलं होतं. समोर त्या बसणार होत्या. आता कुणी "मग?" म्हणायचं मला? काकी, फार आठवण येते हो तुमची.

ही बघा माझी कडी. सकाळीच काढली, दार दोरीनं बांधून आले. भिंतीवर तिची जागा काकींनीच मोकळी ठेवलीय. तात्या, ती तुम्ही ठोका. त्याआधी मी एकदा वाजवते. वाजली, की सगळे उभे राहू या. कुणी काही बोलू नका. "मग?" म्हणून काकी थांबायच्या ना, तसंच थांबू या.