बोलणारे आणि मुके

जबाब

नाव : नागसेन सोमाजी दुर्गे
वय : ३४ वर्षे
व्यवसाय : किराणा दुकान
राहणार : भद्रावती, जि. चंद्रपूर
शेरा : जबाब देणार यांस दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. सोबत पत्नी संघप्रिया हजर.

मी ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. घराच्या पुढच्या खोलीत आमचे दुकान आहे. पूर्वी मी कोळसा खाणीत फिटर होतो. चार वर्षांपूर्वी काचबिंदूमुळे आधी उजवा व नंतर डावा डोळा गेला, तेव्हापासून दुकानात बसतो.

रोशन डोमा पिंपळशेंडे यास मी लहानपणापासून ओळखतो. आमचे दोघांचेही वडील माजरीला खाणीत कामाला होते व आमची क्वार्टर शेजारी होती. रोशन सध्या एटापल्ली तालुक्यात लोहखनिजाच्या गाडीवर ड्रायव्हर असून तिकडेच खोली घेऊन राहतो.

काल सकाळी रोशनची आई आशाबाई दुकानात आल्या. त्या म्हणाल्या, "नागसेन, रोशनले पोलिसांनी नेलं. तुह्या अन् त्याच्या बोलण्यावरून नेलं म्हणते. काय बोलत होते रे तुमी?" मी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. आम्ही लगेच बसने निघालो, चंद्रपूरला बस बदलली, गडचिरोलीत नातेवाइकाकडे मुक्काम केला व आज दुपारी येथे एटापल्लीला पोहोचलो. आशाबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत.

साहेबांनी मला रोशनच्या मोबाइलमधील एक आवाजी संदेश ऐकविला. तो असा : "नागा, आइक. बोलणारे अन् मुके, दोन्ही टोळ्या संगच पहाडावरून उतरून राह्यल्या. बोलणाऱ्याईचा मुखिया मधात आहे. त्याले पाडलं का बाकीचे पळतीन. पण मुके पळत नाईत, तुले माहीतच आहे. उद्या करू का थांबू, सांग." हा आवाज रोशनचा आहे. त्यावरचे उत्तर, "थांब. गोळी चालवू नको. मुके आवाजावर येतेत," हा आवाज माझा आहे.

रोशनच्या खोलीत मोबाइलला रेंज नसते. तो नाल्यावरच्या पुलावर येऊन मला संदेश पाठवितो. तेथून जाणाऱ्या एका गृहस्थाने हे बोलणे ऐकून ठाण्यात कळविले. त्या गृहस्थाची चूक आहे असे माझे म्हणणे नाही. या भागात असे शब्द कानावर पडल्यावर कोणीही कळवील.

बोलणारे व मुके या टोळ्या कोणत्या, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की, त्या पृथ्वीवरील नाहीत. त्या कॉम्प्युटरच्या खेळांतील परग्रहावरच्या फौजा आहेत. आम्ही शाळेत असताना माजरीला बाजारामागे लच्छूभाऊ यांचे गेम पार्लर होते. टिनाच्या खोलीत दोन मशीन व दाराला गोणपाटाचा पडदा. डावीकडच्या मशीनवर 'केप्लर गार्ड' व उजवीकडच्यावर 'नाइन्थ मून' हा खेळ चाले. दोन्हींत बंदूक घेऊन परग्रहवासीयांशी लढायचे असते. लच्छूभाऊ सिरोंचाकडचे, तेलुगू मिसळून बोलत. त्यांना स्वतःला खेळता येत नव्हते. ते मशीनकडे पाठ करून स्टुलावर आमच्या तोंडांकडे पाहत बसत व हसत. मशीनच्या काचेवर कोळशाची धूळ बसे, ती ओल्या फडक्याने पुसत. खाणीत ब्लास्टिंग झाले की जमीन हादरे व मशीन थरथरे. तेव्हा रोशन ओरडे, "मुके आले बे!" व लहान पोरे खरोखर पाय वर घेत.

पार्लर कधी बंद झाले ते नक्की सांगता येणार नाही. लच्छूभाऊ वारले. आता ती खोली तेथे नाही, असे मला सांगण्यात आले आहे. मी पाहिलेले नाही.

साहेबांनी दोन्ही फौजांतील फरक सविस्तर सांगण्यास सांगितले. 'केप्लर गार्ड'मधील शत्रूचे नाव ओराक. आम्ही त्यांना 'बोलणारे' म्हणत असू, कारण ते आपसात त्यांच्या भाषेत सारखे बोलतात. त्यांच्यात मुखिया असतो, त्याच्या पाठीवर निशाण असते. पहाऱ्यावरचा ओराक जांभई देतो. मुखिया पडला की लहान ओराक शस्त्र टाकून पळतात. एखादा पळतही नाही, तोंड झाकून खाली बसतो. रोशन त्या बसलेल्याला कधी मारत नसे. खेळाच्या तिसऱ्या भागात काही ओराक माणसांच्या बाजूने आले, तेव्हा घरातले लग्न ठरल्यासारखा रोशन कॉलनीभर सांगत फिरला.

'नाइन्थ मून'मधील मुके जमिनीतून निघतात. त्यांना चेहरा नाही, भाषा नाही, मुखिया नाही. एक पडला की दुसरा त्याच्यावर पाय देऊन पुढे येतो. आपण ज्या वाटेने काल गेलो ती वाट ते आज अडवतात. त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येते. म्हणून त्यांच्यापुढे श्वास धरून बसावे लागते.

कोणता शत्रू भारी, यावर आमचा वाद होता. माझे म्हणणे मुके भारी, कारण त्यांना भीती दाखवता येत नाही. रोशनचे म्हणणे उलटे. तो म्हणे, "ज्याले भेव वाटते त्याच्याशीच लढणं कठीण आहे नागा. तो पळाला का माही बंदूक आपोआप खाली येते." लाइट गेली तरी आम्ही अंधारात तेथेच बसून भांडत असू. लच्छूभाऊ म्हणत, "अय्यो, मशीन बंद हाय, तुमी काऊन चालू हाव?"

दृष्टी गेल्यावर काही महिने मी कोणाशी बोलत नव्हतो. रोशनने जुना लॅपटॉप घेतला, दोन्ही खेळांचे सर्व भाग मिळविले व एका संध्याकाळी मला संदेश पाठविला, "नागा, आपला वाद राह्यला होता. मी खेळतो, तू सांग. डाव तुहा, हात माहे." तेव्हापासून तो एक दिवस बोलणाऱ्यांशी व एक दिवस मुक्यांशी लढतो, काय दिसले ते सांगतो व पुढे काय करायचे ते मी कळवितो. माझी पत्नी सांगते की, त्या संध्याकाळी मी स्वतःहून जेवण मागून घेतले. मला ते आठवत नाही.

यावर साहेबांनी सांगितले की, रोशनच्या खोलीतील लॅपटॉप तपासला आहे. दोन्ही खेळांचे सर्व भाग गेल्या पावसाळ्याआधीच संपलेले असून त्यानंतर ते उघडलेले नाहीत. संदेश मात्र या आठवड्यापर्यंतचे आहेत. शिवाय दोन्ही खेळ वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. मग दोन्ही टोळ्या एकाच पहाडावरून कशा उतरल्या, व हा पहाड कोणता, असे साहेबांनी विचारले. याच प्रश्नावर रोशन काल सकाळपासून गप्प आहे, असेही मला सांगण्यात आले.

मी सांगितले की, पहाड कोणताच नाही. पावसाळ्यापासूनचे सर्व संदेश रोशनने मनाने रचलेले आहेत. खेळ संपले, म्हणून तो पुढचा खेळ स्वतः तयार करून मला सांगत आहे.

हे कशावरून, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की, 'केप्लर गार्ड'च्या ग्रहावर झाड नाही, नुसता दगड आहे. रोशनच्या संदेशांत उन्हाळा लागताच मोहाची झाडे आली. पहाटे टोपल्या घेऊन मोह वेचणाऱ्या बायका आल्या आणि ओराकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. एका जखमी मुक्याला एका ओराकाने पाठीवर घेतले. असे कोणत्याही कंपनीने केलेले नाही. मी ते सर्व भाग डोळे असताना खेळलेलो आहे.

साहेबांनी रोशनला आत बोलाविले. तो माझ्यापासून थोडा दूर उभा राहिला. मी विचारले, "साहेबाले सांगतलं काऊन नाई बे?"

तो म्हणाला, "तुले बोलावतीन म्हणत होते. मी मनानं रचतो ते तुह्यासमोर निघालं असतं."

"मले माहीत होतं."

"कवापासून?"

"शंका तर पहिलेच आली होती. मोहाची झाडं आली तवा पक्कं झालं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतं."

माझी पत्नी उठून बाहेर आशाबाईंकडे गेली. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मोनाली मॅडमनी पाणी मागविले.

रोशनचा कोणत्याही बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचे मी कधी ऐकलेले नाही. रोशनने पाठविलेले ________ संदेश सर्व माझ्या मोबाइलमध्ये आहेत. मी ते पुन्हा पुन्हा ऐकत असल्याने पुसलेले नाहीत. मोबाइल मी तपासासाठी देत आहे. काम झाल्यावर संदेशांसह परत मिळावा, ही विनंती.

संदेशातील हल्ला पुढे होणार होता काय, असे साहेबांनी शेवटी विचारले. मी सांगितले की, ते मला माहीत नाही. रोशनला विचारले असता, "अजून सुचलं नाई साहेब," असे त्याने सांगितले.

मला वाचता येत नसल्याने हवालदार मोनाली मॅडमनी हा जबाब माझी पत्नी व रोशन यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखविला. तो मी सांगितल्याप्रमाणे लिहिलेला आहे. एका ठिकाणी 'रोशनने पाठविलेले खोटे संदेश' असे लिहिले गेले होते. त्यातील 'खोटे' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडण्यात आला. त्याऐवजी काय लिहावे, असे मॅडमनी विचारले. आम्हा कोणालाच शब्द सुचला नाही, म्हणून ती जागा कोरी ठेवली आहे.