आज काय शिजलं?

ऐका. आधी दगड कोरडा लागला. तेवढंच.

ओहोटीने उघडा पडलेला दगड, घडीभरापूर्वी पाण्याखाली होता, आणि हाताला कोरडा. कुणी नुकताच झाडून ठेवल्यासारखा. मी कशालाही दचकते हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी स्वतःलाच गप्प केलं.

आमच्या वाडीसमोर समुद्रात चिऱ्यांच्या सरळ रांगा आहेत. कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडम म्हणतात, खडक असा आपोआप चिरतो. वाडी म्हणते, ते बुडालेलं गाव आहे. मी आणि वसुमती काकी तिथे दगडांना चिकटलेली कालवं काढायला गेलो होतो, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी. दिवस मावळला तशी काकी टोपली घेऊन निघाली.

"फोटो पुरे झाले. चल."

"आलेच," मी म्हटलं.

ती दगडांची वाट अंधारात धरू नका. मी धरली, म्हणून सांगते.

किनाऱ्यावरची वीज गेली. मोबाईल हातातून निसटला तो पाण्यातच. भरती घोट्याला लागली. मी वळले, पुन्हा वळले, आणि किनारा कुठल्या बाजूला तेच कळेना.

"काकी!"

"ये गो," डावीकडून. आवाज काकीचाच.

पाऊल टाकलं. पायाखाली पायरी लागली. मग दुसरी. दोन्ही खाली जाणाऱ्या. पाणी गुडघ्यावर आलं.

आता आमच्याकडची रीत ऐका. अंधारात समुद्रातून नुसती हाक आली, तर किनाऱ्यावरचं माणूस ओ देत नाही. हाक मारणाऱ्याने विचारायचं, आमच्या घरी आज काय शिजलं? बरोबर उत्तर जिथून येईल, तिकडेच जायचं. बुडालेल्या गावात चुली विझलेल्या, त्यांना ते कुठून ठाऊक असणार. मी नुसतीच हाक मारली होती. तिकडे काकी ओठ मिटून उभी.

मी हळूच विचारलं, "आमच्या घरी आज काय शिजलं?"

"भात गो." भात काय, सगळ्यांकडेच असतो.

"आणि?"

"मासळी." आवाज जवळ आला होता. त्या दिवशी सोमवार. सोमवारी आमच्याकडे मासळी नसते.

पाणी कमरेला. "मग तूच सांग ना," कानाशी कुणी म्हणालं. या वेळी माझ्याच आवाजात.

सांगितलं असतं तर संपलंच होतं. शब्द ओठांवर आला होता, तो गिळला, आणि घसा फुटेस्तोवर ओरडून पुन्हा तेच विचारलं.

उजवीकडून, लांबून, काकीचा वैतागलेला आवाज आला.

"कुळथाची पिठी केलीस, नि मीठ घालायला विसरलीस, बाये. ये इकडे."