पेल एलमधला तिसरा वास

अमेरिकेत, एडिसनच्या भारतीय किराणा दुकानात कमलामावशी रांगेत उभ्या होत्या. पुढे ईशान आणि जयदीप हुज्जत घालत होते, ईशाननं घरी केलेल्या पेल एल बिअरवरून आणि तिच्यात घातलेल्या हॉप्सच्या सुवासिक फुलांवरून.

“नेहमीचे हॉप्स मिळेनात, म्हणून दोन नवे घातले. पण लसणाचा वास कुठल्याचा?”

“एकदम दोन्ही घातलेस, ईशान? आता कळणार कसं?”

“बिअर-क्लबमधला वॉल्टर म्हणतो, ‘तू तिसरा हॉप लपवतोयस. त्यानंच मजा आली. शनिवारी पुन्हा तीच बिअर आण!’”

“हॉप्सची पाकिटं कुठे ठेवली होतीस?”

“फ्रीझरमध्ये. उघडीच.”

“शेजारी काय होतं?”

“आईनं पाठवलेला कांदा-लसूण मसाला. अरे देवा, त्याचाच वास लागला! आणि तोही संपला यार.”

ईशान वळला. मावशींच्या बास्केटमधल्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाकडे बघतच राहिला.

“मावशी, हा मसाला कुठल्या रॅकवर मिळाला?”

“शेवटचाच होता रे. मटण करतोयस का?”