गोडं तेल

सेलूच्या दवाखान्यात रेणुका आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर बसलेल्या कासाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात त्यांचे मालक रायभान डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले आणि दोघांचं बोलणं रेणुकाच्या कानावर पडू लागलं.

"काय म्हनले? इंजेक्शन चालू करायचं का?"

"न्हाई. तीन महिन्यात साखर लय उतरली म्हनले. गोळ्यांवरच भागतंय."

"खंडोबा पावला गं बाई! मग तोंड काऊन पाडलंय?"

"तुज्यामुळं हसले ते मला."

"मी काय केलं?"

"इचारलं, काय काय बंद केलं? म्या म्हनलो, चहातली साखर बंद, गूळ बंद, अन् गोडं तेल तर घरातच न्हाई."

"मग? त्यांनीच सांगितलं हुतं की, गोड बंद."

"अगं, गोडं तेल कुठं गोड असतंय?"

"मग त्याला गोडं कशाला म्हनतेत?"

"तीन महिने बिनफोडणीचं वरण गिळलं म्या!"

"अन् म्या काय वेगळं खाल्लं?"

"तू कशाला? तुला कुठं साखर हाय?"

"एका चुलीवर दोन वरणं शिजवू व्हय?"

रायभान बाकावर टेकले. मग हळूच म्हणाले,

"थोडं तेल चालतंय म्हनले. साखर-गूळ मातर बंदच."

"तेल शेजारच्या शालूच्या घरी ठिवलंय. जाताना घिऊ."

"म्हंजी आज फोडणी?"

"घालते. पर एकच चमचा. काई झालं तरी गोडंच हाय ते."