टॉवेलाखालचा डाग

औरादच्या बसमध्ये नेत्रा मोबाइल बघत बसली होती. पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते. वाटेत चढलेली एक बाई त्यांना ओळखून शेजारी बसली.

"पिराजीअण्णा, चांगुणाक्का गेल्यापासून सैपाक कोण करायलंय?"

"मीच की, मंगल. पहिल्याच दिवशी तापलेली कढई ओट्यावर ठेवली. ओटा अ‍ॅक्रिलिकचा, दगडाचा न्हाई. गोल डाग पडला."

"अक्का तर हळदीचा थेंब पडला की लगेच पुसायची."

"मला ओट्याजवळ उभं राहू देत नव्हती. म्हनायची, तुमचा हात लागला की वस्तू गेली."

"खोटं न्हाई ते."

"न्हाईच. मग मिस्त्री बोलावला. तो म्हनला, डाग घासून निघतो, ओटा मोकळा करून ठेवा. शेगडीजवळ तिचा घडी केलेला टॉवेल कायम असायचा, तो उचलला."

"मग?"

"खाली डाग. माझ्या डागापेक्षा मोठा. कुकरचा."

"अगं बाई. अक्कानं केलेला?"

"मी कुकरला कधी हात लावलाय का? इतकी वर्षं बोलणी खाल्ली, पन टॉवेल उचलून बघायचं सुचलं न्हाई. असला मी हुशार."

नेत्राने मोबाइल पिशवीत टाकला.

"मग दोन्ही घासून घेतले?"

"माझा घासला. तिच्या डागावर मिस्त्री यायच्या आधी टॉवेल परत ठेवला."

"दिवाळीला लेक येईल, टॉवेल उचलंल. तिला काय सांगनार?"

"मीच केला म्हनून सांगीन. तिला लगेच पटंल."