वांगं चालेल

— रक्त घट्ट होतंय म्हणे.
— उशीच्या खोळीत बघितलं. तुळशीशेजारच्या कुंडीतली मातीही उकरली.
— पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवली आहे. निळ्या नाडीची. उतरवून घ्या.
— मुलांना पालक, म्हाताऱ्याला पाणी.
— ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गरम असतानाच खावी.
— लोकांच्या थापा ऐकण्यात माझी अख्खी नोकरी गेली, मला नको सांगू.

(देवपूर, धुळे. थंडीतला रविवार, सकाळ. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत समीक्षा, तिचे सासरे देवचंद, यावल डेपोतून निवृत्त झालेले एसटी कंडक्टर, आणि सासू कलाबाई. समीक्षाचा नवरा राजदीप सुरतला असतो.)

समीक्षा: बाबा, शेवटचं विचारते. रक्त पातळ व्हायची गोळी तुम्ही घेताय ना?

देवचंद: शेवटचं तू गुरुवारीही विचारलंस.

समीक्षा: गुरुवारी रिपोर्ट आला नव्हता. आता आलाय. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, तरी रक्त पाहिजे तेवढं पातळ होत नाही. ते म्हणाले, गोळी पोटात जात असती तर असं झालं नसतं. छातीत धातूची झडप आहे तुमच्या. तिच्यावर गुठळी बसली तर...

देवचंद: तर तू सुटलीस.

कलाबाई: तोंडाला काही लगाम शे का तुमच्या?

देवचंद: तू थांब. कुंडीतली माती कुणी उकरली, ते विचार आधी हिला.

समीक्षा: मी उकरली.

देवचंद: सापडली गोळी?

समीक्षा: नाही.

देवचंद: बिनतिकीट माणूस मी चेहऱ्यावरून ओळखायचो. सामान नाही उचकटलं कुणाचं.

कलाबाई: गोळी ते माझ्यासमोर गिळतात, समीक्षा. जीभ बाहेर काढून दाखवतात वर. लहान पोरासारखी.

समीक्षा: आई, तुम्ही त्यांचं झाकता. मागे बिडीचंही झाकलं होतं.

कलाबाई: बिडी वेगळी, गोळी वेगळी.

देवचंद: झालं तुझं? आता मी विचारतो. बुधवारी दारावरून पालकाच्या जुड्या घेतल्यास. कुठे गेल्या?

समीक्षा: मुलांच्या डब्यात. पराठे केले.

देवचंद: आणि माझ्या ताटात?

समीक्षा: वांगं.

देवचंद: परवा?

समीक्षा: परवा गिलकं. मग वांगं. दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनी सांगितलंय, पालक, मेथी, शेपू नको, वांगं चालेल. तुम्ही होतात तिथे.

देवचंद: होतो. माझ्याशी ती बोललीच कुठे, तुझ्याशीच बोलत होती. म्हणून मी आपलं या फोनला विचारलं. त्याला ना सून, ना सासरा. थांब, तूही ऐक. सांग रे बाबा, पालक आणि वांगं, यांत पौष्टिक काय?

फोन: पालक आणि वांगं या दोन्ही भाज्या आहारात उपयुक्त आहेत. पालकात लोह, कॅल्शियम, फोलेट, तसेच अ, क आणि के जीवनसत्त्वे भरपूर असतात. वांग्यात बहुतांश पाणी व थोडे तंतू असतात. लोह आणि जीवनसत्त्वांचे प्रमाण पालकापेक्षा बरेच कमी असते.

देवचंद: ऐकलं कलाबाई? बहुतांश पाणी. ऑपरेशन झालेल्या माणसाला पाणी वाढते ही.

समीक्षा: त्यानं के जीवनसत्त्व म्हटलं, ते ऐकलंत? त्यानं रक्त गोठतं. तुमची गोळी रात्रंदिवस त्याच्याशीच भांडतेय. तुम्ही पालक खाल्लात की भांडणात गोळी हरते. वांग्यात ते जवळजवळ नाहीच, म्हणून वांगं.

देवचंद: म्हणजे भाजी चांगली आहे, म्हणूनच मला नाही.

समीक्षा: मुलांसाठी चांगली. तुम्हाला नाही. फोनला सांगितलंत का, खाणारा कोण आहे ते?

देवचंद: फोनला कशाला घरातलं सांगू.

समीक्षा: पण लोटनभाऊंना सांगितलंत. सून निवडून निवडून निःसत्त्व खायला घालते म्हणून. त्यांनी तिकडे सुरतला राजदीपला फोन केला, आणि राजदीपनं मला विचारलं, तू बाबांना नेमकं काय देतेस? असं विचारलं, बाबा. नेमकं काय देतेस.

देवचंद: लोटन ड्रायव्हर होता माझा. पंधरा-वीस वर्षं एका गाडीवर होतो. त्याला नाही सांगायचं तर कुणाला?

समीक्षा: बरं. मग लोटनभाऊंच्या पिशवीत काय येतं, तेही सांगा.

देवचंद: कुठल्या पिशवीत?

समीक्षा: निळ्या नाडीच्या. यावलच्या गाडीनं येते. तुम्ही स्टँडवर जाऊन घेता आणि मी शाळेतून यायच्या आत ती रिकामी झालेली असते. दिवाळीपर्यंत तुमचा रिपोर्ट सरळ होता. पिशवी सुरू झाली आणि बिघडला. कुणाचा काढा घेताय? सातपुड्यातली कसली मुळी आहे का?

देवचंद: पाळत ठेवतेस?

समीक्षा: हो.

देवचंद: वांगी असतात.

समीक्षा: आणि?

देवचंद: वांगी. लोटनच्या मळ्यातली, हिरवी, भरताची. इथं बाजारात मिळतात ती खाववत नाहीत मला.

समीक्षा: नुसत्या वांग्यांसाठी माणूस तासभर स्टँडवर उभा राहत नाही.

देवचंद: तू खानदेशातली, धरणगावची असून असं बोलतेस?

कलाबाई: बठ्ठं खरं सांगते मी. लपवण्यासारखं काही नही त्यात. वांगी येतात, मी भरीत करते. दुपारी ते जेवतात, उरलेलं रात्री. तूच म्हणालीस ना, वांगं चालेल. मग म्हटलं, चालतं तर पोटभर खाऊ दे. तेल हात राखून टाकते, शेंगदाणे कमी.

समीक्षा: रोज?

कलाबाई: थंडीत भरीत रोजच ना. तू डब्यात नेतेस ते कुठलं शे मग?

समीक्षा: मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी करता.

देवचंद: घ्या. माझ्यातलं खाते आणि माझीच चौकशी करते.

समीक्षा: मॅडमना मी विचारलं होतं. भरीत चालेल का, असं स्पष्ट विचारलं होतं. त्या म्हणाल्या, खुशाल चालेल, दही मात्र ताजं घ्या.

कलाबाई: दही? भरतात?

समीक्षा: त्या कोल्हापूरकडच्या आहेत. त्यांच्याकडे घालतात. वांगं भाजायचं, कांदा चिरायचा, दही...

कलाबाई: मग पात कधी घालतात?

समीक्षा: काय?

कलाबाई: पात. दह्याच्या आधी का नंतर?

समीक्षा: आई, तुम्ही पात किती घालता?

कलाबाई: घालते तेवढीच. मिरची-लसूण ठेचायचा, वांगं ठेचायचं, मग पात. वांग्याला पुरेल एवढी नको का? नाहीतर भरीत काळं दिसतं.

समीक्षा: किती? हातानं दाखवा.

कलाबाई: अशी. दोन्ही हातांत मावेल अशी. शिवाय ताटात वरून कच्ची. ती त्यांना लागतेच.

समीक्षा: आणि ही पात येते कुठून? आपण तर विकत घेत नाही.

देवचंद: पिशवीतून.

समीक्षा: आत्ता तुम्ही म्हणालात, नुसती वांगी.

देवचंद: वांगी म्हटल्यावर पात आलीच. ती वेगळी कोण सांगतो? बैलाबरोबर दावं येतं, ते कुणी वेगळं सांगतं का?

समीक्षा: फोन द्या तुमचा. कांद्याच्या पातीत के जीवनसत्त्व किती असतं?

फोन: कांद्याच्या हिरव्या पातीत के जीवनसत्त्वाचे प्रमाण जास्त असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कलाबाई: पण ती भाजी कुठे शे? ती तर नुसती चवीला.

समीक्षा: मीही तिला भाजी धरलं नाही, आई. रोज डब्यात समोर हिरवंगार दिसत होतं. मी वांगं खातेय, असंच समजत होते.

देवचंद: मग गोळ्या मी गिळत होतो, हे सिद्ध झालं का नाही?

समीक्षा: झालं.

देवचंद: जरा मोठ्यानं बोल. कुंडीलाही ऐकू दे.

समीक्षा: थांबा, मॅडमना फोन लावते. हॅलो, मॅडम, रविवारी त्रास देतेय. देवचंद बाबांची सून. त्यांच्या भरतात कांद्याची पात असते... नाही, वरून भुरभुरायला नाही, आमच्याकडे भरतातच ठेचतात. भरपूर. हो, रोज... दिवाळीनंतर. ...नाही, अजून बंद नाही केली. ...हो. ...हो का? बरं, तसंच सांगते. सकाळी घेऊन येते.

कलाबाई: काय म्हणाल्या? आजपासून बिनपातीचं करू का?

समीक्षा: नाही. तेच तर म्हणाल्या, आपल्या मनानं एकदम तोडू नका. डोस दोनदा वाढलाय, तो या पातीवर वाढलाय. ती अचानक काढली तर रक्त एकदम फार पातळ होईल. मग साधं नाकातून रक्त आलं तरी थांबायचं नाही. उद्या सकाळी रक्त तपासायचं, डॉक्टर डोस ठरवतील, मग पात किती खायची, तेही सांगतील.

देवचंद: खाल्ली तर मरण, सोडली तर मरण. चांगली भाजी आहे.

समीक्षा: रोज सारखी आणि थोडी खाल्ली तर चालेल, असंही म्हणाल्या.

देवचंद: कोल्हापूरची बाई मला भरीत शिकवणार.

समीक्षा: मी आत जाऊन शाळेत कळवते. उद्याची रजा लागेल.

देवचंद: कलाबाई, गेली का ती?

कलाबाई: आत गेली.

देवचंद: राजदीपला सुरतेहून बोलव. आज निघाला तर रात्रीपर्यंत पोचतो.

कलाबाई: रक्त तपासायला राजदीप कशाला?

देवचंद: आता डोस हलवणार. काही कमीजास्त झालं तर? अशा वेळी पोटचा माणूस लागतो. उद्या दवाखान्यात मी हिच्या भरवशावर जात नाही. हिच्या मनात काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

कलाबाई: तुमच्या ऑपरेशनच्या कागदावर सही हिची शे. राजदीप तेव्हा दुसऱ्या दिवशी पोचला होता.