पावणेदोन महिन्यांचं गणित

तुम्ही मला खोडकर म्हणता ना, पण एकदा मी पंधरा दिवस कोणाची खोडी काढली नव्हती, ऐका.

आमच्या यांच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. "आजी, दर महिन्याला दुप्पट होतेय. पन्नासपट झाली की आपल्या हातात काही नाही." यांना मी सांगितलंच नाही.

आमची नात कॅल्क्युलेटरवर लॉग काढायची. लॉग दाबलं की किती वेळा गुणलं ते कळतं, एवढं माझ्या कानावर होतं. ती कॉलेजात गेल्यावर मी पन्नास टाकून लॉग दाबलं. एक पॉइंट सात! म्हणजे पावणेदोन महिनेच.

पंधरा दिवसांनी हे म्हणतात, "काय वं, चहात मीठ नाही, चपला लपवत नाही. मी मरणार शे का?"

मी मोरीत जाऊन रडले. नातीनं पाहिलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं.

"अगं आजी, ते बटण दहापटीचं. दुपटीचं हवं तर त्याला दोनच्या लॉगनं भागायचं."

भागलं, तर साडेपाच महिन्यांच्या वर आलं.

सकाळी यांच्या चहात चमचाभर मीठ घातलं. थू थू करत हसले, "हां, आता वाचलो!"

सहाव्या महिन्यात गेले. नातीचं गणित बरोबर निघालं, बायांनो. पण चुकीच्या बटणापायी माझे पंधरा दिवस गेले ना, त्यांची खोडी काढायचे.